द्वारका ते बारी: दिवसाची गाडीफेरी

सकाळी साडेसहाला नाशिकचा द्वारका चौक सोडा. आठ वाजले की उड्डाणपुलावरही ट्रकांची रांग लागते आणि निम्मा उत्साह तिथेच संपतो. मुंबई-आग्रा महामार्गावर डावीकडे पांडवलेणी मागे पडली की वेग घेण्याचा मोह होईल, पण गोंद्यापर्यंत कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या असतात. मी तरी सत्तरच्या वर जात नाही.

घोटीला महामार्ग सोडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागा. हवा आणि पेट्रोल तिथेच बघून घ्या. मागच्या श्रावणात मी 'पुढे भरू' म्हणाले आणि लाल दिवा बघत बघत घरी आले. सासूबाई अजून आठवण काढतात.

पुढे भातखाचरं सुरू होतात. वळणावर हॉर्न वाजवा, कारण पलीकडे ओली म्हैस निवांत बसलेली असू शकते. ती उठत नाही, आपणच थांबायचं. काच धुरकटली तर पुसत बसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा. धुक्यात दिवे लो बीमवरच हवेत. उतारावर दुसरा गिअर ठेवा, नुसता ब्रेक दाबून धरलात तर जळका वास येतो.

बारी गावात डावीकडे कळसूबाई, १६४६ मीटर. ढग असेल तर शिखर विसरा, पायथ्याशी पिठलं-भाकरी खा. वेळ उरला तर प्रवरेवरचं विल्सन धरण पुढेच आहे. पण घाट उजेडातच उतरा.