डोमेनचं नाव बघून ठेवलं आणि दुसऱ्यानंच नेलं? या चुका टाळा

मागच्या वर्षी तासगावच्या एका बेदाणावाल्या काकांची वेबसाईट करायची होती. तिच्या पत्त्याचं, म्हणजे डोमेनचं, नाव ठरलं, म्हणजे जवळजवळ ठरलं. गुरुवारी रात्री साडेदहाला मी एका साईटवर टाकून बघितलं तर हिरवी टिक, उपलब्ध आहे, पहिल्या वर्षाचे नऊशे रुपये. स्क्रीनशॉट काकांना पाठवला, काका म्हणाले घरच्यांना विचारतो, त्यांनी फॅमिली ग्रुपवर पोल टाकला, पुण्याच्या सुनेला एक स्पेलिंग आवडलं, धाकट्या भावाला दुसरं, मग कुणीतरी म्हणालं अमावस्या होऊ दे, आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर फोन आला, "घे रे पोरा, तेच फायनल." घ्यायला गेलो तर नाव गेलेलं. उघडून बघितलं तर कोरं पान, मधोमध 'हे डोमेन विक्रीला आहे' आणि किंमत आपल्या पैशात दोन लाखांच्या वर.

काका म्हणाले, "अरे पण तू तर बघून ठेवलं होतंस ना?"

आता इथंच सगळी गोची आहे. बघून ठेवणं असा प्रकार डोमेनमध्ये नसतोच. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली होते, इथे रुमाल टाकायची सोयच नाही.

बघणं आणि घेणं यात रात्र जाऊ देणं

तुम्ही नाव टाकून सर्च करता तेव्हा होतं काय, तर ती साईट मुख्य रजिस्ट्रीला, म्हणजे सगळ्या नावांची मूळ वही ठेवणाऱ्या संस्थेला, विचारते की हे नाव कुणाचं आहे का. डॉट कॉमची रजिस्ट्री अमेरिकेतली व्हेरिसाईन, डॉट इनची आपली निक्सी. तिकडून हो किंवा नाही येतं, बस. तुमच्या नावानं कुठेही नोंद होत नाही. कार्टमध्ये टाकलं तरी होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं कार्टमध्ये आहे म्हणजे राखून ठेवलंय. पैसे भरल्यावर जी नोंदणीची कमांड जाते ती ज्याची आधी पोचेल त्याचं नाव.

त्यामुळे क्रम उलटा करा. आधी घरात, पार्टनरमध्ये, जी काय भांडणं करायची ती करून घ्या आणि तीन-चार नावं नंबर लावून कागदावर लिहा. मगच सर्च करा, आणि सर्च करताना कार्ड हातात पाहिजे. पहिलं मिळालं तर त्याच मिनिटाला घ्यायचं. मिळालं नाही तर दुसरं. दोन नावांमध्ये अगदीच अडकला असाल तर दोन्ही घेऊन टाका, हजार रुपयांसाठी चार दिवस घालवू नका. एक वर्षानं नको असलेलं सोडून देता येतं.

आणि कार्ड हातात असून उपयोग नाही, ते चाललं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नवीन कार्डावर ऑनलाईन आणि परदेशी व्यवहार आधीच बंद येतात, ते आपण ॲपमध्ये जाऊन चालू करायचे असतात. साईट परदेशातली असेल आणि डॉलरमध्ये पैसे कापत असेल तर पेमेंट फेल, मग बँकेचं ॲप, त्याचा पासवर्ड आठवत नाही, मग मुलाला फोन, मग उद्या बघू. हे 'उद्या बघू' लई महागात पडतं. आदल्या दिवशीच त्या साईटवर खातं उघडा, ईमेल व्हेरिफाय करा, कार्डाचं बघून घ्या. नाव मात्र टाकू नका अजून.

कुठल्याही साईटवर नाव टाकून बघणं

माझं नाव गेलं तेव्हा माझा सगळा संशय त्या सर्चवाल्या साईटवरच होता, आणि असा संशय येणाऱ्याला वेडा म्हणता येत नाही कारण असं खरंच झालेलं आहे. 2008 च्या जानेवारीत नेटवर्क सोल्युशन्स ही अमेरिकेतली मोठी रजिस्ट्रार, म्हणजे लोकांना डोमेन विकणारी, कंपनी, तुम्ही तिच्या साईटवर नुसतं नाव शोधलं की ते चार दिवस स्वतःकडे अडकवून ठेवायची. तुम्ही स्वस्त मिळतंय म्हणून दुसरीकडे गेलात तर तिथे दिसायचं की नाव गेलं. घ्यायचं तर यांच्याकडूनच, त्यांच्या भावानं. कंपनीचं म्हणणं असं की आम्ही नावं आधीच अडवणाऱ्या दलालांपासून ग्राहकाला वाचवतोय! पुढे खटलाही झाला.

हे कंपनीला परवडायचं कसं? तर नवीन नाव नोंदवल्यावर पाच दिवसांत रद्द केलं तर पैसे परत, अशी एक सवलत होती आणि अजूनही आहे. मुळात ती टायपिंग चुकलं वगैरे तर सुधारता यावं म्हणून. पण दलालांनी लाखांनी नावं फुकटात नोंदवून, त्यावर जाहिराती लावून, कुठल्या नावावर लोक येतात ते बघून बाकीची पाचव्या दिवशी परत करायचा धंदाच सुरू केला, आंबेवाल्याकडे प्रत्येक पेटीतला एक चाखून बघावा तसं. मग आयकान या जगभरच्या डोमेनचा कारभार बघणाऱ्या संस्थेनं 2008-09 मध्ये ठरावीक मर्यादेपलीकडच्या रद्द नावांवर शुल्क लावलं आणि असल्या रद्द करण्यात 99.7 टक्के घट झाली. म्हणजे फुकट होतं तोवरच चाललं होतं सगळं.

आणि त्याच्या आधी, 2003 च्या सप्टेंबरात, खुद्द व्हेरिसाईननं अस्तित्वात नसलेलं कुठलंही डॉट कॉम नाव टाईप केलं की लोकांना स्वतःच्या पानावर न्यायला सुरुवात केली होती. आरडाओरडा झाला, आयकाननं डोळे वटारले, तीन आठवड्यांच्या आत बंद करावं लागलं.

माझं आजचं मत विचाराल तर मोठ्या रजिस्ट्रार कंपन्या आता असलं काही करत असतील असं मला वाटत नाही, त्यांना त्यात फार काही मिळत नाही. पण 'फ्री नेम चेकर', 'बिझनेस नेम जनरेटर' असली जी शंभर पानं आहेत ती कुणाची आहेत, टाकलेल्या नावांचं काय करतात, ते तुम्हाला मला दिसत नाही. तिथे खरं नाव टाकायचंच कशाला? आयकानचं स्वतःचं लुकअप पान आहे तिथे बघा, डॉट इन असेल तर निक्सीच्या रजिस्ट्रीवर बघा, किंवा जिथून घेणार आहात तिथेच बघा आणि घ्या. ब्राउझरच्या पट्टीत नाव टाईप करून 'काही उघडत नाही म्हणजे रिकामं आहे' हे तर अजिबात करू नका. घेतलेल्या डोमेनवर साईट असलीच पाहिजे असं काही नसतं, कितीतरी नावं घेऊन नुसती पडून असतात.

सर्चला दोष देणं आणि स्वतः गावभर सांगणं

तर मी त्या साईटवर खार खाऊन होतो. आठ दिवसांनी कळलं की काकांच्या पुतण्यानं त्याच नावानं इन्स्टाग्रामवर पेज पंधरा दिवस आधीच उघडलं होतं, आणि सांगलीच्या एका प्रदर्शनासाठी बॅनर छापून त्याचा फोटो टाकला होता, खाली 'लवकरच येत आहे, वेबसाईटसह'. आता सांगा, कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

नावं हेरणारे लोक बातम्या वाचतात, नवीन पेजेस बघतात, सरकारी याद्या बघतात. कंपनी रजिस्टर करताना नाव मंजूर झालं की ते वीस दिवस तुमच्यासाठी राखलेलं असतं, पण ते कंपनीचं नाव, डोमेन नाही. ट्रेडमार्क अर्ज केला तर तो सगळ्यांना बघता येतो, पुढे जर्नलमध्येही छापून येतो. यातलं काहीही करायच्या आधी डोमेन घेतलेलं असलं पाहिजे. सीए म्हणतील आधी कंपनीचं नाव पास होऊ द्या मग डोमेन घ्या, त्यांचं ऐकू नका. नाव पास नाही झालं तर हजार रुपये गेले, एवढंच.

हे हेरणं किती साधं असतं बघा. जिओहॉटस्टार नावाचं डोमेन दिल्लीच्या एका डेव्हलपरनं 2023 मध्येच घेऊन ठेवलं होतं, नुसत्या बातम्या वाचून, की जिओ आणि हॉटस्टार कधीतरी एकत्र येतील. 2024 च्या ऑक्टोबरात ते गाजलं, कारण त्यानं बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत ॲप खरंच त्याच नावानं आलं. डॉट कॉमचा घाऊक भाव दहा डॉलरच्या थोडा वर, म्हणजे असली शंभर नावं वर्षभर सांभाळायला लाखभर रुपये, आणि त्यातलं एक जरी दोन लाखांना गेलं तरी झालं की.

एकच स्पेलिंग घेणं

हे मराठी नावांचं खास दुखणं. वाडा व्हीनं लिहायचा की डब्ल्यूनं? लक्ष्मीत एक्स की केएसएच? ज्ञानेश्वर डीएनवाय, की जीवायनं सुरू करायचा? तुम्ही एक घेता, गिऱ्हाईक फोनवर ऐकून दुसरं टाईप करतं, आणि ते दुसरं कुणीतरी घेऊन ठेवलेलं असतं. घरातल्या पाच जणांना नाव नुसतं बोलून दाखवा आणि इंग्रजीत लिहायला सांगा. जी दोन स्पेलिंगं जास्त येतील ती दोन्ही घ्या. डॉट भारत 2014 पासून देवनागरीत मिळतं, हौसेनं जरूर घ्या, पण फक्त त्याच्यावर विसंबून राहू नका, फोनवर देवनागरी पत्ता टाईप करणारं गिऱ्हाईक मी अजून फार पाहिलं नाही.

गेल्यावर घाबरून भलतंच काहीतरी करणं

नाव गेलं तर पहिलं काम, लुकअप पानावर नोंदणीची तारीख बघा. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण तारीख दिसते. वेळ तिथे जागतिक घड्याळात असते, त्यात साडेपाच तास मिळवा, नाहीतर उगाच चुकीच्या दिवशी चुकीच्या माणसावर संशय घ्याल. तारीख 2011 ची असेल तर ते कधीच रिकामं नव्हतं, तुम्ही बहुतेक दुसरंच स्पेलिंग बघितलं होतं किंवा डॉट इन बघून डॉट कॉम समजलात (हसू नका, होतं असं). तारीख कालपरवाची असेल तर पाच-सहा दिवस शांत बसा आणि मग परत बघा, त्या पाच दिवसांच्या सवलतीत कुणी परत केलं तर मिळून जातं. रोज दहादा त्या विक्रीच्या पानावर जाऊ नका, तिथे भेटी मोजल्या जातात आणि तुम्हीच त्याचं नाव गरम करून देता.

घ्यायचंच असेल तर कंपनीच्या ईमेलवरून 'आम्हाला अर्जंट पाहिजे' असं लिहू नका. साध्या ईमेलवरून, छोटी रक्कम सांगून विचारा. सौदा ठरला तर पैसे एस्क्रो सेवेतून, म्हणजे नाव हातात येईपर्यंत पैसे मध्ये धरून ठेवणाऱ्याकडून, द्या, कुणाच्या यूपीआयवर नाही.

कोर्टकचेरीचं विचारतात लोक. डॉट कॉमसाठी 1999 पासून यूडीआरपी नावाची तक्रार प्रक्रिया आहे, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. पण त्यात दाखवावं लागतं की नावावर तुमचा ट्रेडमार्कसारखा हक्क आहे, समोरच्याचा काही खरा संबंध नाही आणि त्यानं वाईट हेतूनं घेतलंय. अशा तक्रारी चालवणाऱ्या वायपो या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे एका पंचाची फीच 1500 डॉलर आहे. रेडिफनं 'रॅडिफ' नावाच्या डोमेनविरुद्ध 1999 मध्ये मुंबई हायकोर्टात मनाई मिळवली, सिफी या इंटरनेट कंपनीच्या केसमध्ये 2004 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. पण ही चालती, नाव कमावलेली दुकानं होती. 'मला आधी सुचलं होतं' यावर कुठलंच कोर्ट काही देत नाही.

मिळालेलं नाव घालवणं

हे तर सगळ्यात जास्त बघतो मी. ऑटो रिन्यू चालू आहे म्हणून निवांत राहायचं, आणि 2021 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे, म्हणजे आपोआप पैसे कापायला आधी परवानगी नोंदवायचे, नियम आल्यावर ती नोंदवलेली नसेल तर कार्डावरून पैसे कापलेच जात नाहीत, सूचना येतात त्या जुन्या ईमेलवर. मायक्रोसॉफ्टसुद्धा 1999 च्या नाताळात पासपोर्ट डॉट कॉमचे 35 डॉलर भरायला विसरली होती, त्यावर चालणारं हॉटमेलचं लॉगिन अडकलं आणि एका भल्या प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून भरले. तुमच्यासाठी असा कुणी येणार नाही. डॉट कॉम संपल्यावर साधारण 45 दिवसांपर्यंत सूट असू शकते, पण रजिस्ट्रार ती कमीही करतो, मग 30 दिवस दंड भरून सोडवायची मुदत, मग 5 दिवस, आणि त्यानंतर ज्यांची यंत्रं टपून बसलेली असतात ते सेकंदात उचलतात. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये एक महिना आधीची आठवण लावा. आणि डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर घ्या, वेबसाईट करणाऱ्याच्या नाही. हो, म्हणजे माझ्याही नाही.

काकांचं शेवटी काय झालं, तर जुन्या नावापुढे तासगाव जोडलं, डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही, दोन स्पेलिंगं. यावेळी मी त्यांच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो, काका कार्ड हातात धरून शेजारी, पोल नाही, अमावस्या नाही, दहा मिनिटांत उरकलं. नवीन नोंदलेल्या नावांच्या याद्या फिरत असतात त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून काकांना फोन सुरू, सर वेबसाईट बनवायची आहे का, लोगो पाहिजे का. मी म्हणालो काका कट करत जा. काका म्हणाले, "कट कशाला, मी सगळ्यांना रेट विचारून घेतलाय. तू जरा जास्त लावलेस."