संगीतासाठी सराउंड लावायचाय? आधी खुर्ची हलवा

आमच्याकडे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालचे, बेसचे सूर वाजवणारा) आले ते सिनेमांसाठी. गाणी ऐकायची हौस माझी एकटीची. म्हणून एक सराउंड एसएसीडी (सीडीसारखीच डिस्क, पण पुढच्या-मागच्या सगळ्या स्पीकरांसाठी वेगवेगळा आवाज मावणारी) आणली, सोफ्यावर मांडी घातली आणि लावली. चहूकडून आवाज! दोन महिने मी खूश होते. मग एकदा लेकीने रिसीव्हरकडे, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याकडे, बोट दाखवलं. "आई, इथे तर दोनच चॅनल दिसतायत." म्हणजे आवाजाचे दोनच वेगळे प्रवाह, डावा आणि उजवा.

खरंच की. मी प्लेअर ऑप्टिकल केबलने जोडला होता. ऑप्टिकलमधून दोन चॅनलचा साधा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातो, नाहीतर दाबून लहान केलेला डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस. एसएसीडीचे सराउंड चॅनल त्यातून जातच नाहीत. तेव्हा प्लेअर मुकाट्याने डिस्कवरचा सीडीचा थर वाजवत होता आणि रिसीव्हर 'ऑल चॅनल स्टिरिओ' मोडमध्ये तेच दोन चॅनल पाच ठिकाणी वाटत होता. तो मोड घर झाडताना उत्तम. ऐकायला बसायचं तर बंद ठेवा.

म्हणून बाकी काहीही करण्याआधी रिसीव्हरच्या डिस्प्लेवर आत काय येतंय ते वाचा. एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ किंवा ब्लू-रे असेल तर प्लेअर एचडीएमआयने थेट रिसीव्हरला जोडा आणि प्लेअरच्या मेनूत मल्टी-चॅनलचा थर निवडा. स्ट्रीमिंगवरचं डॉल्बी अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज आणणारा सराउंडचा प्रकार) टीव्हीच्या अ‍ॅपमधून घेणार असाल तर टीव्ही आणि रिसीव्हर एआरसी किंवा ईएआरसी असं लिहिलेल्या एचडीएमआयच्या जागी जोडलेले हवेत, तिथूनच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे जातो. फोनवरून ब्लूटूथने पाठवलंत तर हाती दोनच चॅनल लागणार.

केबल बदलली आणि खरा सराउंड ऐकला, तर तो आधीपेक्षा वाईट! व्हायोलिनं कानात शिरलेली, गायक कुठेतरी लांब. कारण सोफा भिंतीला टेकलेला, आणि मागचे स्पीकर त्याच भिंतीवर, डोक्यावर हातभर अंतरावर. सिनेमात हे खपून जातं. तिथे मागून बहुतेक वेळा पाऊस, वारा, गर्दी एवढंच येतं. संगीतात मागच्या स्पीकरांवर अख्खी वाद्यं सोपवलेली असू शकतात, आणि ती डोक्यावर बसलेली कोणाला आवडतील? शिवाय भिंतीलगत खालचे सूर फुगतात ते वेगळंच.

तर खुर्ची. सोफा विसरा, एक खुर्ची घ्या आणि मागच्या भिंतीपासून निदान तीन फूट पुढे आणा. आमच्या 12 बाय 14 फुटांच्या खोलीत ती जवळजवळ मधोमध आली. घरच्यांनी नाकं मुरडली. म्हणून ती फक्त ऐकताना पुढे येते, एरवी कोपऱ्यात.

आता स्पीकर. पाच स्पीकरांची आंतरराष्ट्रीय शिफारस अशी: मधला नाकासमोर, पुढचे दोन त्याच्या दोन्ही बाजूंना 30 अंशांवर, मागचे दोन 100 ते 120 अंशांच्या दरम्यान. म्हणजे 'मागचे' स्पीकर खरं तर पाठीमागे नसतातच, खांद्याच्या जरा मागे असतात. पुढच्यांसाठी कोनमापक नको, सुतळी पुरते. खुर्ची ते डावा, खुर्ची ते उजवा आणि डावा ते उजवा ही तिन्ही अंतरं सारखी केली की 30 अंश आपोआप मिळतात. माझी तिन्ही सात-सात फूट आहेत. मागच्यांसाठी खुर्चीत समोर बघत बसा आणि हात बाजूला सरळ पसरा. ते झाले 90 अंश. ताठ हाताच्या टोकाला मूठ साधारण 10 अंश झाकते. तिथून मागे दोन मुठी सरका, आले 110. हे मोजताना लेक ओरडत होती, "आई, मान वळवू नकोस, सगळं हलतंय!" मान तेवढी सरळ ठेवा. सगळे स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवा. अ‍ॅटमॉससाठी छताकडचे वेगळे असतात, तेवढेच वर.

मागचे स्पीकर जवळ ठेवावे लागले तर? माझे तीन फुटांवरच बसतात. आवाजाला एक फूट कापायला सुमारे 0.9 मिलिसेकंद लागतात, म्हणजे माझ्याकडे मागचा आवाज पुढच्यापेक्षा साडेतीन मिलिसेकंद आधी पोचणार. एवढ्याशा वेळाचं काय, असं वाटेल. पण तोच आवाज दोन जागांहून आला तर कान आधी पोचलेल्याची दिशा खरी धरतो. म्हणून टेपने मोजलेली अंतरं रिसीव्हरच्या मेनूत भरा, म्हणजे तो जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवतो.

मग पातळी. रिसीव्हरमध्ये एकेका स्पीकरमधून 'खर्र' असा चाचणीचा आवाज देण्याची सोय असते. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, फोन कानाच्या जागी धरा आणि पाचही स्पीकर एकाच आकड्यावर आणा. 75 डेसिबल हा रूढ आकडा. फोनचा आकडा अचूक नसला तरी फरक पडत नाही, पाचही सारखे आल्याशी मतलब. या कामात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच झाला. आधी मागचे सहा डेसिबल जास्त होते!

रिसीव्हरसोबत माइक आला असेल तर तो हे सगळं आपणहून करतो. माइक खुर्चीच्या पाठीवर टेकवू नका, कानाच्या उंचीला स्टँडवर लावा आणि बाजूला व्हा. नंतर त्याचे आकडे तपासा. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवलं तर हात लावू नका, सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. मात्र छोट्या स्पीकरांना त्याने 'लार्ज', म्हणजे सगळा बेस पेलणारे, ठरवलं असेल तर ते 'स्मॉल' करा आणि 80 हर्ट्झच्या खालचं सबवूफरकडे सोपवा.

सबवूफरची जागा शोधायची युक्ती हास्यास्पद आहे, पण चालते. सबवूफर खुर्चीच्या जागी ठेवा, बेसचा एखादा संथ तुकडा सतत वाजत ठेवा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवा. हे मी दार लावून केलं.

एक स्पीकर उलटा जोडला गेला, अधिक-वजाची अदलाबदल झाली, तर बेस पातळ होतो आणि आवाज पोकळ लागतो. माझा डावा पुढचा तसाच होता. पुढच्या दोघांत मोनो (दोन्हीकडे एकच आवाज असलेलं) बोलणं लावून बघा. आवाज मधोमध उभा राहायला हवा. राहत नसेल तर तारा बघा.

मधला स्पीकर गप्प असेल तर लगेच घाबरू नका. काही मिश्रणांत (स्टुडिओतल्या मिक्समध्ये) तो मुद्दाम रिकामा ठेवतात. स्टिरिओ रेकॉर्डिंग पाच स्पीकरांत पसरवणारे डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल:एक्स हे मोड मी फक्त मैफलीच्या प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला लावते, टाळ्या मागे जातात तेवढ्या बऱ्या वाटतात. स्टुडिओतल्या गाण्याला नाही. मोठ्या-लहान आवाजातला फरक दाबणारा रात्रीसाठीचा मोडही बंदच ठेवते.

एकाच गाण्याची स्टिरिओ आणि अ‍ॅटमॉस आवृत्ती ताडून बघायची तर आधी आवाज सारखा करा. अ‍ॅटमॉसची मिश्रणं बऱ्याचदा हळू पातळीवर असतात, आणि मोठा वाजणारा आवाज आपल्याला नेहमीच सरस वाटतो.

सगळं जमल्यावर अंतरं आणि पातळ्या कागदावर लिहून रिसीव्हरच्या वर चिकटवा. मेनूत भलतं बटण दाबून मी एकदा सगळं पुसलंय. खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. आमच्याकडे त्या रंगीत आहेत, आणि पाहुणे दर वेळी विचारतात, हे काय.