दवाखान्याच्या वॉर्डातला कचरा नीट वेगळा कसा करायचा, रात्रपाळीला सुद्धा

कुठल्या कचऱ्याला कुठल्या रंगाची पिशवी ते सगळ्यांना पाठ असतं, भिंतीवर चार्ट पण असतोय, तरी पहाटे बघा, पिवळ्या पिशवीत आयव्ही सेट (सलाईनची नळी), लालमध्ये सुई, अन् सकाळी पिशवी उचलताना टोचते ती सफाईच्या मावशीला. आमच्या वॉर्डात झालंय हे, म्हणून सांगायलोय. ज्यानं कचरा केला त्यानंच तिथल्या तिथं वेगळा टाकायचा, मावशी नंतर निवडून घेईल हे डोक्यातून काढा.

त्यासाठी डबे कोपऱ्यात नकोत, ड्रेसिंग ट्रॉलीसोबतच फिरवा. इंजेक्शन दिलं की सुईला टोपण परत लावायचं नाही, सरळ हब कटरमध्ये (सुई तोडायचं छोटं यंत्र) कापायची, सुई पांढऱ्या डब्यात अन् सिरिंज लालमध्ये. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई निघतच नाही, म्हणून ती अख्खीच पांढऱ्यात. सलाईनची प्लास्टिक बाटली, सेट, कॅथेटर, युरिन बॅग, ग्लोव्हज लाल. रक्ताचा कापूस, पट्ट्या, बाळंतपणातली वार पिवळ्यात. काचेच्या अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाच्या कुप्या) निळ्यात. आता हे एवढं कशाला, तर पिवळं भट्टीत जळतं अन् लाल ऑटोक्लेव्ह होऊन (दाबाच्या वाफेनं जंतू मारून), तुकडे करून रिसायकलिंगला जातं. प्लास्टिक पिवळ्यात गेलं की उगीच जळून विषारी धूर.

नातेवाईक लई ताप देतात, भाकरीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, सगळं पिवळ्यात. खाटेपाशी साधा डबा ठेवा, ओरडून काही होत नाही.

पिशवी पाऊण भरली की बांधा, बारकोड लावा, वजन लिहा. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमानं ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पावसाळ्यात गाडी चुकतेच, मग तेवढ्यापुरतं कुलूपबंद ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासहित कळवायचं. आमच्याकडं कोणी कळवत नव्हतं, रजिस्टरवर मात्र तारखा एकदम व्यवस्थित!

अन् सुई टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्यानं धुवा अन् लगेच ड्युटी डॉक्टरला सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. एचआयव्हीची पीईपी (लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं) लागत असेल तर २ तासांत सुरू झाली तर चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. अपघाताचा फॉर्म भरायचा. हिपॅटायटीस बी अन् धनुर्वाताच्या लशी झाल्यात का ते आधीच विचारून ठेवा, कंत्राटी मावशी-मामांच्या सुद्धा, आमच्याकडं त्यांच्याच राहिल्या होत्या.