सुडो नसताना होम फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर कसं बसवावं

हिंजवडीतला ऑफिस सर्व्हर असो की पुण्यातल्या कुठल्या कॉलेजच्या लॅबमधलं उबुंटू, रूट (सगळे अधिकार असलेलं खातं; सुडो म्हणजे त्या अधिकाराने कमांड चालवणं) आपल्याला कुणी देत नाही. बरोबरच आहे. सिस्टमचं सॉफ्टवेअर राहतं ते /यूएसआर पॅकेज मॅनेजरचं, म्हणजे उबुंटूत एप्टचं. तिथे हाताने घुसवलेल्या फाइलची एप्टकडे नोंद नसते. रूट असला तरी स्वतः बिल्ड केलेलं (सोर्स कोडपासून तयार केलेलं) /यूएसआर/लोकलमध्येच टाकावं.

सोर्स उघडा, कॉन्फिगर या स्क्रिप्टला प्रीफिक्स (कुठे बसवायचं तो पत्ता) म्हणून होममधल्या 'लोकल' फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या, मग 'मेक' (बिल्ड करणं) आणि 'मेक इन्स्टॉल' (बसवणं) चालवा. त्यातलं 'बिन' पाथमध्ये जोडा; शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, याच यादीतल्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅम शोधतो.

कॉन्फिगर लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) नाही म्हणून अडला, तर बहुतेकदा लायब्ररी असते, बिल्डला लागणाऱ्या तिच्या हेडर फाइल नसतात. अ‍ॅडमिनकडून त्या लायब्ररीचं हेडर असलेलं '-डेव्ह' पॅकेज टाकून घ्या. तो दाद देत नसेल तर ती लायब्ररी आधी त्याच प्रीफिक्सवर बिल्ड करा आणि तिचं 'लिब/पीकेजीकॉन्फिग' पीकेजी_कॉन्फिग_पाथ या व्हेरिएबलमध्ये घाला, म्हणजे कॉन्फिगरला ती सापडेल.

खरी गोची पुढे. बिल्ड सुरळीत होतं आणि प्रोग्रॅम चालवला की 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. कारण बिल्डच्या वेळी लायब्ररी शोधणारा लिंकर वेगळा, चालवताना शोधणारा लोडर वेगळा. लोडर /लिब, /यूएसआर/लिब आणि एलडीकॉन्फिगने केलेली यादी बघतो. तुमचं होम त्याच्या गावीही नसतं.

यावर जो तो सांगतो, बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना वाचतो ती फाइल) एलडी_लायब्ररी_पाथ, म्हणजे लोडरने आधी बघायच्या फोल्डरची यादी, टाका. टाकू नका! तो त्या शेलमधून सुटणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागतो. तुम्ही बिल्ड केलेली ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी मग सिस्टमचं कर्ल (डाउनलोडची कमांड) पण उचलतं, आणि कर्ल का मोडलं ते कुणाला कळत नाही. शिवाय ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन बॅशआरसी वाचत नाही. दिवसा हाताने चालणारं काम रात्री पडतं.

त्याऐवजी कॉन्फिगर करतानाच एलडीफ्लॅग्जमध्ये (लिंकरला द्यायच्या सूचना) '-डब्ल्यूएल,-आरपाथ,' आणि त्याला चिकटून 'लोकल/लिब'चा पूर्ण पत्ता द्या. टिल्ड (~, होमची खूण) इथे चालत नाही. आधी एकदा बिल्ड केलं असेल तर मेक क्लीन करून पुन्हा कॉन्फिगर. पत्ता थेट बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये, लिहिला जातो. त्या फाइलवर 'रीडएल्फ -डी' केल्यावर रनपाथच्या ओळीत दिसला पाहिजे.

तरीही एलडीडी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) एखाद्या लायब्ररीपुढे 'नॉट फाउंड' दाखवतं? रनपाथ फक्त थेट लायब्ररींना लागू होतो, लायब्ररीच्या लायब्ररीला नाही. म्हणून होममध्ये बिल्ड केलेल्या प्रत्येक लायब्ररीलाही हाच फ्लॅग हवा. हे न सांगणारे लेख अर्धवट आहेत. पुढे फोल्डर हलवलात तर पॅचएल्फ या टूलने बायनरीतला पत्ता बदला.

पायथनचं सोपं आहे: वेन्व, म्हणजे पॅकेजेससाठी वेगळं फोल्डर, करा. डेबियन 12 पासून पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल) सिस्टमच्या पायथनमध्ये पॅकेज टाकायला नकार देतं, तेव्हा तो नकार मोडणारा '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' लावायचा मोह टाळा.