जुना घोडा-ट्रेलर घेताय? ड्रायव्हरचे मालक होताना या चुका टाळा

दहा-बारा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढलेला ड्रायव्हर स्वतःसाठी जुनी गाडी बघायला निघतो, तेव्हा इंजिनात तो सहसा फसत नाही. आवाजावरून नोझल आणि धुरावरून रिंगा ओळखणारा माणूस असतो तो. फसतो तो कागदांत, मागच्या ट्रेलरमध्ये आणि गाडी ताब्यात आल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. हे सगळं आजवर मालकाच्या डोक्याला होतं ना! कळंबोली-उरण पट्ट्यात कंटेनर ओढायला घोडा (इंजिन-केबिनची पुढची गाडी) आणि मागचा ट्रेलर घेणाऱ्यांसाठी मुख्यतः हे लिहितोय. बाकीच्यांनी आपापल्या मालाप्रमाणे बघावं.

हप्ते चालू असलेली गाडी नोटरीवर घेणं

"दोन लाख आत्ता द्या, उरलेले हप्ते तुम्ही भरा, कागद नंतर करू." हा सौदा सगळ्यात स्वस्त दिसतो आणि सगळ्यात महाग पडतो. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केली म्हणून गाडी तुमची होत नाही. आरसीवर (गाडीच्या नोंदणीवर) नाव जुन्या मालकाचं आणि बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, फायनान्स कंपनीचा, तो तसाच राहतो. तुम्ही दर महिन्याला पैसे त्याच्या हातात दिले आणि त्याने पुढे भरलेच नाहीत, तर गाडी ओढायला आलेली माणसं तुमचा स्टॅम्प पेपर वाचत बसणार नाहीत. आणखी एक गोम आहे. त्याच मालकाची दुसरी गाडी त्याच कंपनीकडे थकलेली असेल, तर तुमच्या गाडीचं कर्ज फिटूनही एनओसी (ना-हरकत पत्र) अडकवून ठेवतात.

म्हणून शिल्लक कर्जाचं पत्र कंपनीकडूनच मागा, पैसे थेट कर्जखात्यात भरा आणि एनओसी व बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्यावरच नाव बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून घ्या. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आधी लागते. फायनान्सच्या यार्डातून ओढलेली गाडी घेत असाल तर आरसी कोणाच्या नावावर आहे आणि कंपनी फॉर्म 36 (आरसी आधी कंपनीच्या नावावर करायचा) करून देणार का, हे बोली लावण्याआधी विचारा. ट्रान्सफरचं काम आता ऑनलाइन होतं आणि ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो. आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत व्यवहारातली चांगलीशी रक्कम तुमच्याकडेच राहू द्या.

एकाच आरसीवर भागवणं

घोडा आणि ट्रेलर यांचा नंबर वेगळा, चेसी नंबर वेगळा, फिटनेसही वेगळा. विकणारा घोड्याचे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून दाखवतो आणि ट्रेलरचं विचारलं की "आहेत घरी" म्हणतो. दोन्ही आरसी समोर आल्याशिवाय टोकन देऊ नका. ट्रेलरचा चेसी नंबर रंगाच्या थरांखाली दडलेला असतो. वायर ब्रशने घासून तो वाचा आणि आकडे आरसीशी ताडून बघा. आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर फिटनेस, परमिट, इन्शुरन्स आणि टॅक्स यांच्या तारखा दिसतात. गाडी ब्लॅकलिस्ट आहे का आणि ई-चलान किती थकलेत, हेही दोन्ही नंबर टाकून बघा. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. अशी दोन-तीन चलानं निघाली तर घासाघीस करून वाचवलेले पैसे त्यातच गेले. वयाचंही बघा. नॅशनल परमिट मल्टी-एक्सल (दोनपेक्षा जास्त एक्सलच्या) गाडीला 15 वर्षांपर्यंत चालतं, दोन एक्सलच्या गाडीला 12 च वर्षं. अकरा वर्षांची दोन एक्सलची गाडी एवढ्या स्वस्तात का मिळतेय, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

घोड्याभोवती फिरून ट्रेलरकडे पाठ करणं

चुकांची खरी खाण इथे आहे. ट्रेलरचा हँड ब्रेक व्हॉल्व्ह दाबून ट्रेलर जाम करा आणि ड्रायव्हरला घोडा हलकेच पुढे-मागे घ्यायला सांगा. तुम्ही बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहा. फिफ्थ व्हीलमध्ये (घोड्यावरच्या ट्रेलर अडकवायच्या ताटात) खटखट आवाज आला, घोडा बोटभर हलला आणि ट्रेलर जागचा हलला नाही, तर त्याचे जबडे किंवा त्यात अडकणारी ट्रेलरची किंगपिन झिजलीय. मग ट्रेलर सोडवून खाली गूजनेकच्या (ट्रेलरच्या पुढच्या उंच मानेच्या) कोपऱ्यांत टॉर्च मारा. तडा बारीक असला तरी त्याच्या कडेने गंजाची तांबूस रेघ उतरलेली दिसते. जाड पट्टी मारून वेल्डिंग केलंय आणि वरून ताजा रंग, असं असेल तर रंग कशासाठी दिला ते सांगायला नको.

टेप घ्या आणि किंगपिनपासून पहिल्या एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत माप घ्या, मग उजव्या टोकापर्यंत. फरक आला तर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर खातो. कंटेनर ट्रेलरला पक्का करणारे ट्विस्ट लॉक एकेक फिरवून बघा. 40 फुटी कंटेनरचे चार लॉक ठीक असतात आणि 20 फुटीच्या जागेचे जाम किंवा गायब, हे नेहमीचंच.

इंजिनाबद्दल एवढंच सांगतो, की ते थंड असताना चालू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

कामाशी न जुळणारी गाडी

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांना सहसा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो. त्यात साठणारी काजळी जळायला गाडी बराच वेळ सलग आणि गरम पळावी लागते. बंदराच्या रांगेत तासन् तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, पिकअप जातो. फक्त न्हावा शेवा ते आसपासचे सीएफएस (बंदराबाहेरची कंटेनर गोदामं) एवढ्यावरच चालवायची असेल तर हा खर्च धरून चाला. धूर साफ करणारी युरियाची सिस्टीम बायपास केलेली गाडी "खर्च नाही हिला" म्हणून गळ्यात मारतात. ती फिटनेसला अडकते आणि पूर्ववत करायला भरपूर पैसे जातात.

गाडी आजवर कुठे चाललीय ते मीटरवर कळत नाही. फास्टॅगचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागा. टोलनाक्यांची नावंच सांगतात की गाडी घाटात राबली की सपाटीला.

टायर आणि हातातली रोकड

18 टायरची गाडी आणि एका चांगल्या रेडियलला वीस हजारांच्या पुढे, म्हणजे सगळे बदलायची वेळ आली तर साडेतीन लाखांहून जास्त. त्यामुळे नुसती नक्षी बघू नका. बाजूवरचा चार आकड्यांचा कोड वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) वाईट नसतो, पण घोड्याच्या पुढच्या दोन चाकांना नको. सौद्यात टायरचे नंबर लिहून घ्या, नाहीतर ताबा घ्यायच्या दिवशी गाडीखाली दुसरेच टायर असतात.

सगळे पैसे गाडीतच ओतू नका. डिझेल आणि टोलचे पैसे रोजच्या रोज जातात, भाड्याचं बॅलन्स मात्र पोच (माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती) जमा झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी येतं. इन्शुरन्स 14 दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्याचा फरक भरावा लागतो.

आधीच नोटरीवर घेऊन बसला असाल तर

आजपासून हप्ता जुन्या मालकाच्या हातात देणं बंद करा. कर्ज खात्याच्या नंबरवर तुमच्या बँकेतून भरा आणि पावत्या जपून ठेवा. मग मालकाला घेऊन फायनान्सच्या शाखेत जा आणि उरलेलं कर्ज तुमच्या नावावर नव्याने करून मागा. नवा बोजा फॉर्म 34 ने चढतो. मालक वारला असेल तर काम फॉर्म 31 चं, त्यासाठी वारसांच्या सह्या लागतात. तो फोनच उचलत नसेल, तर आतापर्यंतच्या पावत्या आणि करार घेऊन वकिलाकडे जा, पुढचा हप्ता भरण्याआधीच.