ईसीएम बदलला तरी गाडी सुरू होईना? इमोबिलायझरशी जुळणी अशी करून घ्या

सेल्फ दणदणीत लागतो, इंजिन एखाद-दोन सेकंद पकडतं आणि बंद पडतं. मीटरमध्ये किल्लीच्या चित्राचा दिवा मिचमिचत राहतो. अशी गाडी टो करून आणणारे बहुतेक जण आल्या आल्या सांगतात, "ईसीएम गेलाय, दुसरा टाका." गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करणारा माणूस म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, आधी अर्धा तास तपासणीला द्या. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा, तो महाग असतो. शिवाय नुसता बदलून गाडी सुरू होत नाही, त्याची इमोबिलायझरशी, म्हणजे अनोळखी किल्लीने इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेशी, नव्याने ओळख करून द्यावी लागते.

ओळख कुणाची कुणाशी?

किल्लीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने चिपला जागं करते. चिपचं उत्तर इमोबिलायझरच्या छोट्या डब्यामार्फत ईसीएमकडे जातं. उत्तर पटलं तर ईसीएम इंजेक्टर चालू ठेवतो, नाही पटलं तर पेट्रोल तोडतो. काही गाड्यांत सेल्फसुद्धा लागू देत नाही. युरोपात नव्या गाड्यांना ही व्यवस्था १९९८ पासून सक्तीची झाली, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मॉडेलांत ती त्याच घडणीत आली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यापायी लोकांचा दिवस वाया जातो. बॅटरीची वायर काढून ठेवली की "ईसीएम रिसेट" होतो असं सर्रास सांगतात. वायर काढल्याने पुष्कळ गाड्यांत आयडलिंगचं शिकलेलं गणित पुसलं जातं, काही एरर कोड जातात. किल्लीची आणि गाडीची ओळख मात्र कायमच्या मेमरीत लिहिलेली असते. बॅटरी महिनाभर काढून ठेवा, ती तशीच राहते. तशी नसती तर चोराला दहा नंबरचा पाना पुरला असता.

आधी किल्ली, मग बाकीचं

दुसरी किल्ली लावून बघा. तिने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लीत आहे, ईसीएमला हातही लावू नका. किल्ली जुडग्यातून सोडवून एकटी लावून बघा. शेजारी दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि कॉइलला काहीच नीट ऐकू येत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका गृहस्थांची गाडी आली. दोन गॅरेजं झाली होती, जुना ईसीएमही विकत घेऊन झाला होता. मी किल्ली हातात घेतली तर तिचं कव्हर कोरं करकरीत. विचारल्यावर कळलं, बटण फाटलं म्हणून कुठेतरी नवीन कव्हर बसवून घेतलं होतं. कव्हर उघडलं तर आत रिमोटची पट्टी होती, पण चिपची खाच रिकामी. त्यांनी घरी फोन केला. जुनं कव्हर टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये सापडलं आणि त्यात काचेची ती बारीक नळी तशीच होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. ती खाचेत बसवली आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली.

किल्ली ठीक असेल तर बॅटरीचे व्होल्ट बघा. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती दहाच्या खाली घसरत असेल तर डब्यांचं आपापसातलं बोलणं तुटू शकतं. मग फ्यूज, अर्थिंगच्या वायरी आणि ईसीएमचा कनेक्टर. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसेल, ते तांब्याचं गंजणं. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या, मगच बॅटरी जोडा.

स्कॅनर काय सांगतो ते वाचा

इथून पुढे ह्युंदाईचं उदाहरण घेतो. या गाड्या आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांची पद्धत समजली की इतरांचीही समजते. ह्युंदाईत कॉइल आणि ईसीएम यांच्यामधल्या डब्याला स्मार्ट्रा म्हणतात. स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून एरर कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी १६९१ आला तर कॉइलकडे बघा. पी १६९० म्हणजे स्मार्ट्रा उत्तर देत नाही, आणि पी १६९३ आला तर चिपकडे वळा. यांपैकी एकाही दोषासाठी आधी ईसीएम बदलायचा नसतो.

त्यानंतर इमोबिलायझरच्या मेनूत ईसीएमची अवस्था बघा. "व्हर्जिन" म्हणजे कोरा, कुठल्याच गाडीशी न बांधलेला. "लर्न्ट" म्हणजे एखाद्या गाडीशी बांधलेला. "न्यूट्रल" म्हणजे आधीची ओळख रीतसर पुसलेला. जुन्या बाजारातून आणलेला ईसीएम हमखास लर्न्ट निघतो, आणि तो न्यूट्रल करायला त्याच्या मूळ गाडीचा पिन, म्हणजे गुप्त आकडा लागतो, तुमच्या गाडीचा नाही. म्हणून जुना ईसीएम घेताना तो कोणत्या गाडीतून काढला, तिची कागदपत्रं कुठे आहेत, हे विकणाऱ्याला विचाराच. सांगता येत नसेल तर तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, चोरीचा माल असण्याचीही भीती असते. पार्ट नंबरही अक्षरन् अक्षर जुळवा, एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक गाड्यांचे ईसीएम वेगळे असतात.

प्रत्यक्ष जुळणी

हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा योग्य स्कॅनर असलेल्या जाणकाराकडेच करा. जाताना आरसी, ओळखपत्र आणि गाडीच्या असतील नसतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या घेऊन जा. गाडीचा सहा आकडी पिन मालकीची खात्री पटल्यावरच मिळतो, आणि तसंच असायला हवं.

काम सुरू करण्याआधी बॅटरीला चार्जर किंवा सपोर्ट युनिट लावायला सांगा. एसी, दिवे, टेप सगळं बंद. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीएम अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकू शकतो.

मग किल्ली लावून इग्निशन ऑन, स्कॅनरवर किल्ली शिकवण्याचा पर्याय, आणि पिन. पिन टाकताना घाई नको. लागोपाठ तीनदा चुकला तर ईसीएम तासभर कुलूपबंद होतो. बॅटरी काढून ती वेळ टाळता येत नाही. पिन बरोबर असला की पहिली किल्ली नोंदली जाते, मग स्कॅनर विचारेल तशी दुसरी, तिसरी. एकूण चार किल्ल्या शिकवता येतात. ज्या किल्ल्या या बैठकीत शिकवल्या नाहीत, त्या बाद होतात. घरी खुंटीवर राहिलेली दुसरी किल्ली उद्या चालणार नाही, म्हणून सगळ्या बरोबर आणा. हरवलेली किल्ली कुणाच्या हाती लागण्याची धास्ती असेल, तर ती निकामी करण्याचा मार्गही हाच.

स्मार्ट्रा-३ असलेल्या गाडीत तो डबाही गाडीचा कोड लक्षात ठेवतो. दुसऱ्या गाडीतला जुना डबा बसवायचा असेल तर ईसीएमसारखाच तोही आधी न्यूट्रल करून घ्यावा लागतो.

इतर कंपन्यांचं थोडक्यात. टोयोटाच्या काही मॉडेलांत ईसीएम बदलल्यावर नोंदलेल्या किल्लीने इग्निशन ऑन करून, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ४ आणि १३ नंबरच्या पिना जोडून ३० मिनिटं ठेवण्याची कंपनीची रीत आहे. पण ती सगळ्या मॉडेलांना लागू नाही, आणि सोळा पिनांच्या त्या सॉकेटमध्ये चुकून १६ नंबरला वायर लागली तर तिथे थेट बॅटरीचा करंट असतो, तेव्हा घरी करू नका. फोर्डमध्ये दहा मिनिटांची सक्तीची वाट बघावी लागते आणि बऱ्याच मॉडेलांत किमान दोन किल्ल्या हव्यात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या नंतरच्या गाड्यांत अधिकृत केंद्रात ही जुळणी कंपनीच्या सर्व्हरशी ऑनलाइन जोडूनच होते.

"इमोबिलायझर कायमचा बंद करून देतो, कमी पैशात होईल," असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. मग कुठलीही कापलेली साधी किल्ली तुमची गाडी पळवू शकेल, आणि गाडी गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते तेव्हा तुमच्याकडे सांगायला काही उरणार नाही.

गाडी ताब्यात घेण्याआधी

प्रत्येक किल्लीने गाडी सुरू करून किमान अर्धा मिनिट चालू ठेवा, दोन किल्ल्यांच्या मध्ये दहा सेकंद थांबा. स्कॅनरवर कोड पुसून पुन्हा तपासायला लावा. आयडलिंग वरखाली होत असेल तर थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेचं, लर्निंग तिथेच करून घ्या. मग एका किल्लीच्या डोक्याला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन घट्ट वेढे द्या आणि सेल्फ मारा. गाडी सुरू राहता कामा नये. फॉइल काढून पुन्हा मारा, आता ती सुरू झाली पाहिजे. बिलावर नव्या ईसीएमचा नंबर आणि शिकवलेल्या किल्ल्यांची संख्या लिहून घ्या. पिन लिहिलेला कागद घरी आरसीच्या फाइलमध्ये ठेवा, गाडीच्या कप्प्यात नको.