किट कार रॅलीला नेण्याआधी काय काय बघायचं

किट कार म्हणजे सुट्या भागांचा संच आणून स्वतः जुळवलेली गाडी. पाना हातात घेण्याआधी नियम वाचा. प्रत्येक स्पर्धेचे पुरवणी नियम आयोजक आधी काढतात, त्यात तुमच्या गाडीला वर्ग आहे की नाही हे पहिल्यांदा बघायचं. पाइपाच्या चौकटीवर जुन्या मारुतीचं इंजिन चढवलेली गाडी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या वर्गांत सहसा बसत नाही, ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मैदानात आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्धच्या शर्यतीच्या, खुल्या वर्गात बसू शकते. फोन करा, फोटो पाठवा, उत्तर लेखी घ्या. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर स्पोर्टची संघटना) लायसन्स शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

इंजिन, गिअरबॉक्स, हब, स्टिअरिंग सगळं एकाच जुन्या गाडीतून काढा. चार गाड्यांचे तुकडे जमवले की अर्धा वेळ लेथवर बुश बनवण्यात जातो. मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन घ्या, मारुती ८०० चं ७९६ सीसीचं चढावर दमतं. जिप्सीचं इंजिनही त्याच घराण्यातलं, त्यामुळे ते उघडून बसवलेले मिस्त्री बेळगावात सापडतात. कोल्हापूरकडची एमएच-०९ पासिंगची पडीक गाडी घेत असाल तर कागदाचं आधी बघा. गाडी कायमची मोडली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. हे झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, नाहीतर दोन राज्यांच्या आरटीओंमध्ये हेलपाटे तुमच्या वाट्याला येतात. आणि तयार झालेली गाडी रस्त्यावर काढायची नाही. उद्यमबागेतून वडगावपर्यंतसुद्धा नाही. पिकअपचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

केजला, म्हणजे माणसांभोवतीच्या पाइपांच्या पिंजऱ्याला, पैसे वाचवू नका. किटबरोबर चौकट येते, पण ती गाडी उभी राहण्यापुरती असते, उलटल्यावर माणूस वाचवण्यापुरती असेलच असं नाही. कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. सीटमागच्या मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा २.५ मिमी जाडीचा किंवा ५० चा २ मिमीचा, बाकीला ३८ चा २.५ मिमीचा. पाण्याचा जीआय पाइप, शेडचा पाइप, ग्रिलवाल्याकडचा उरलेला पाइप अजिबात नको. बाक थंडच मारायचा, त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वाळू भरून गॅसवर तापवून वाकवतो म्हणणाऱ्या माणसाकडून पाइप परत घेऊन या. पायाला किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंमीची प्लेट, प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे तीन एम-८ बोल्ट. आपल्याकडे फाउंड्री आणि मशीन शॉप इतकी आहेत की चांगला सीओटू वेल्डर मिळत नाही ही सबब चालायची नाही. तो गडबडीत असेल तर थांबा.

आता कटऑफ स्विच, म्हणजे एका झटक्यात गाडीची सगळी वीज तोडून इंजिन बंद करणारा. हे दोनदा वाचा. मागच्या वेळी आमची गाडी तपासणीत इथंच अडकली. केज पास, बेल्ट पास, मग तपासनिसानं रेस धरायला सांगून बाहेरची केबल ओढली आणि इंजिन चालूच राहिलं. स्टार्ट मिळाला नाही.

दुकानात ट्रक-ट्रॅक्टरसाठी लाल चावीचा दोन टर्मिनलचा स्विच मिळतो. तो फक्त बॅटरी तोडतो. इंजिन फिरत असताना डायनामो स्वतः करंट देत असतो आणि तो वायरिंगमधून कॉइलपर्यंत पोचतो, म्हणून बॅटरी सुटली तरी स्पार्क पडत राहतो. आयडलला, म्हणजे रेस न देता, गाडी कदाचित बंद पडेल, त्यावर विश्वास ठेवू नका. रेस दिली की चालूच राहते. सहा टर्मिनलचा स्विच घ्या. दोन जाड टर्मिनल बॅटरीचे. एक बारीक जोडी स्पार्क देणाऱ्या कॉइलची लाइन तोडते, इंजेक्शनच्या गाडीत इसीयूची (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर). दुसरी बारीक जोडी उलटी चालते: स्विच बंद केला की ती जुळते आणि डायनामोचा करंट ३ ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थला उतरवते. हा रेझिस्टर म्हणजे चिनी मातीचा पांढरा ठोकळा, बोटाएवढा, डब्यात स्विचच्या खाली पडलेला असतो. इलेक्ट्रिशियन तो बिनकामाचा समजून बाजूला ठेवतो. ठेवू देऊ नका, त्याच्याशिवाय डायनामोचे डायोड आणि इसीयू दोन्ही धोक्यात येतात.

स्विच आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून चालला पाहिजे. चालक आणि सहचालक दोघांनी बेल्ट आवळून बसायचं आणि हात पोचतो का बघायचं. बाहेरचा हँडल समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, शेजारी पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण, पाया किमान १२ सेंमी. मग गाडी चालू करा, लाइट लावा, रेस ३००० वर धरा आणि ओढा. इंजिन तिथल्या तिथे मेलं पाहिजे.

सीट आणि बेल्ट. एफआयएच्या (मोटर स्पोर्टची जागतिक संघटना) लेबलावरची तारीख वाचा, मुदत संपलेला बेल्ट कितीही नवा दिसला तरी तपासणीत बाद होतो. खांद्याचे पट्टे मागे फार खाली ओढू नका, आडव्या रेषेपासून १० अंश उत्तम आणि ४५ पेक्षा जास्त तिरके कधीच नाही. जास्त तिरके असले तर धडकेत मणक्यावर दाब येतो. कमरेचा पट्टा ओटीपोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. हेल्मेटचं सांगत नाही.

वजन करा. मूळ गाडीत पुढे असलेलं इंजिन किट कारमध्ये मागे गेलं की गाडीचा सगळा तोल बदलतो. गावाजवळच्या वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी, मग नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची. उसाचा हंगाम असेल तर ट्रॅक्टरांची रांग लागायच्या आत, पहाटे जा. काटा १०-२० किलो इकडे तिकडे दाखवेल, चालतं. हे आकडे हातात नसताना शॉकअप आणि स्प्रिंग घेऊ नका. ब्रेकचंही तेच. मूळ गाडीत वजन पुढे असतं, म्हणून मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच व्हॉल्व्ह जसाच्या तसा बसवला तर वजन मागे असूनही मागची चाकं धरतच नाहीत आणि थांबायला अंतर जास्त लागतं. पेडलला बायस बार (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटून देणारा दांडा) लावा किंवा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह घ्या, आणि मोकळ्या मातीवर पुढची चाकं किंचित आधी लॉक होतील असं जुळवा. मागची आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते.

माती आपल्याकडे दोन जातींची आहे आणि दोघी वेगवेगळा त्रास देतात. खानापूर-जांबोटीकडची तांबडी पिठासारखी उडते, म्हणून एअर फिल्टरचं तोंड उंच, चाकांपासून लांब, आणि फिल्टर तेल लावलेला फोमचा. जांभ्याचे दगड संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) फोडतात, खाली ५-६ मिमीचा अॅल्युमिनियमचा गार्ड हवाच. चिकोडी-अथणीकडची काळी माती ओली असली की रिमच्या आत थापली जाते आणि गाडी थरथरते, रेडिएटरही बुजतो. फॅनला हाताने चालू करायचा वेगळा स्विच ठेवा.

आणि इथंच परत कटऑफ. फॅन, पंप, जादा लाइट, कुणीतरी घाईत थेट बॅटरीवरून जोडतो आणि स्विचचा उपयोग संपतो. वायरिंगला हात लागला की पुन्हा रेस धरून ओढून बघा. तांबडी धूळ केबलच्या आवरणात शिरून घट्ट होते, प्रत्येक सरावानंतर साफ करून पुन्हा ओढा. बघू नंतर म्हणू नका.

पेट्रोलची टाकी आणि माणसं यांच्यामध्ये पत्र्याची भिंत, भोकं बुजवलेली. पेट्रोलची रबरी नळी केबिनमधून नको. मागे इंजिन असेल तर पाण्याच्या लांब पाइपात हवा अडकते, सगळ्यात उंच जागी हवा सोडायचा बोल्ट ठेवा.

टायर परवडतील ते, पण सहा. चाकांचे नट टॉर्क पान्यानं, दहा किलोमीटर झाल्यावर पुन्हा.

२ किलोचा अग्निशामक, बेल्ट कापायची सुरी दोघांच्या हाताशी, ओढायचे हुक पुढे-मागे, रस्त्यावर ठेवायचा धोक्याचा त्रिकोण, ओके-एसओएसचा (ठीक आहोत किंवा मदत हवी) फलक. बॉनेटला जादा पिना. फ्यूज, फॅन बेल्ट, क्लच केबल, तार, टेप.

कागद: लायसन्स, मेडिकल, विमा, प्रवेशाची पावती. झेरॉक्स वेगळ्या.

आदल्या रात्री, पिकअपवर चढवण्याआधी: रेस, ओढा, बंद. चढवल्यावर दोरखंड चौकटीला नाही, चाकांना बांधा, आणि काकतीला थांबून एकदा आवळा.